बॅगेतून आलेले सूर

“हे एवढं लांबचं ह्या डब्यात दिसतंय होय?” असं म्हणत आप्पांनी चष्मा कपाळावर सरकवला आणि ते पार स्क्रीनला नाक लावायला आले.

“हात लावू नका. डाग पडतात.”

“न्हाई लावत. मोठं करून दाव.”

मी फोटो मोठा केला. एका जुनाट खोक्यात पिवळ्या कागदाच्या पुरचुंड्या होत्या, आणि त्यांतल्या तीन-चार उघडून पुढे काळपट पितळी पट्ट्या मांडलेल्या होत्या. बोटाएवढ्या, प्रत्येकीच्या मधोमध एक पातळ जीभ. दुसऱ्या कुणाला ते भंगार वाटलं असतं. पण पेटी दुरुस्त करणाऱ्याच्या पोरीला हे शिकवावं लागत नाही. भात्याची हवा लागली की ही जीभ थरथरते आणि पेटी बोलते. आमच्या धंद्यात त्या पट्टीला सरळ ‘सूर’च म्हणतात.

“फ्रेंच आहेत,” आप्पा म्हणाले. “शिक्का बघ कडेला. शंभर वर्षांमागचं पितळ. असलं आता कोण ओतत न्हाई. किती म्हणतीय बाई?”

“आपले अडीच हजार.”

“फक्त? मग घेऊन टाक की!”

मी पान खाली सरकवलं. तिथे बारीक अक्षरांत भारतात पाठवण्याचा खर्च लिहिला होता. मी तो रुपयांत करून बघितला आणि पुन्हा एकदा करून बघितला.

“पोस्टाचे साडेसहा हजार,” मी म्हणाले. “चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला!”

सांगलीला कोर्टासमोर माझं टायपिंगचं आणि डीटीपीचं दुकान होतं, तिथली ही गोष्ट. ह्याला आता तेरा-चौदा वर्षं झाली. मी तिशीची होते आणि चिक्कू म्हणून प्रसिद्ध होते. ते काही खोटं नव्हतं. मी कोथिंबीर घेताना कढीपत्ता फुकट मागायचे आणि मिळेपर्यंत हलायचे नाही. घरात मी आणि आप्पा दोघंच. मी अशी नसते तर ते घर चाललं नसतं, हेही खरं.

आप्पांनी चाळीस वर्षं दुसऱ्यांच्या पेट्या लावल्या. देवळांच्या, शाळांच्या, भजनी मंडळांच्या, नाटकवाल्यांच्या. स्वतःची एकही नव्हती. म्हणजे होती, पण मुकी. मोडीत निघालेल्या एका शाळेच्या सागवानी फळ्या आणून त्यांनी त्याआधी अकरा वर्षं तिचं खोकं केलं होतं. भाता बसवला, बोटांखालच्या काळ्या-पांढऱ्या पट्ट्या बसवल्या, पॉलिश केलं. आत सूर मात्र घातले नाहीत. बाजारातले नवे सूर त्या लाकडात घालणं म्हणजे पैठणीला रबरी चप्पल, असं त्यांचं म्हणणं. मी त्या पेटीवर रद्दीचे गठ्ठे ठेवायचे.

आणि त्या दिवाळीआधी मिरजेच्या कानाच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं, नस सुकत चालली आहे. बोलणं ऐकायला मशीन लावता येईल, पण मशीनमधून सूर खरा येत नाही. “किती दिवस?” असं आप्पांनी विचारलं, तर म्हणाले, वर्ष, फार तर दोन. दुसऱ्या दिवशी आप्पा माझ्या दुकानात येऊन म्हणाले, “तुझ्या त्या कम्प्यूटरवर जुने सूर मिळतात का बघ. एकदा माझी पेटी माझ्या कानांनी लावतो. मग कान गेले तर जाऊ देत.”

तर ते सूर आता समोर होते. आणि त्यांच्या खाली साडेसहा हजार.

“सूर काय विमानात खुर्चीवर बसून येणारेत?” मी म्हणाले. “थांबा, बाईला लिहिते.”

टायपिंगच्या परीक्षेतलं माझं इंग्रजी पणाला लावून मी घासाघीस केली. बाई अमेरिकेतली, नाव एडना. तिचा नवरा चर्चमधले ऑर्गन दुरुस्त करायचा, तो वारला होता आणि तिला गॅरेज रिकामं करायचं होतं. तिचं उत्तर दुसऱ्या दिवशी आलं. वस्तूचे हवे तर कमी कर, पण पोस्टाचे पैसे मला मिळत नाहीत बाई, ते पोस्टच घेतं. आणि एक गोष्ट तिने मुद्दाम लिहिली होती. प्रत्येक पुरचुंडीवर तिच्या नवऱ्याने पेन्सिलीने सुराचं नाव लिहिलं आहे, तेव्हा कागद जपून ठेव.

“देऊन टाकूया का?” आप्पा म्हणाले.

“काही नको. शेटेकाकू आहेत की तिकडे!”

आमच्या गल्लीची एक रीत होती. कुणी अमेरिकेला निघालं की अख्खी गल्ली त्याच्या बॅगेत चढायची. जाताना मेतकूट, सांडगे, गोडा मसाला, कुणाच्या भाच्याला लिंबाचं लोणचं. येताना बॅग मोकळी असते, म्हणून परतीची यादी वेगळी, तिच्यात घड्याळं, गुडघ्याच्या गोळ्या, कुणाच्या पोराचे बूट. परदेशातनं पोस्टाने काही मागवायचं म्हणजे आपलं तिकडे कुणीच नाही अशी कबुली देण्यासारखं होतं. शेजारच्या शेटेकाकू पंधरा दिवसांपूर्वीच लेकीच्या बाळंतपणाला ओहायोला गेल्या होत्या. मी त्यांच्या त्या लेकीला, स्वप्नाला, फोन लावला. तिने तिच्या कार्डावरून सूर घेतले, तिच्या पत्त्यावर मागवले, आणि तिथल्या तिथे पोस्टाला किरकोळ रक्कम पडली.

“काकू कधी येणार?” आप्पांनी विचारलं.

“मे महिन्यात. सहा महिन्यांचा व्हिसा असतो.”

आप्पांनी बोटं मोजली. डिसेंबर चालू होता.

“मे,” ते म्हणाले. “बरं.”

साडेसहा हजार वाचवले म्हणून त्या दिवशी मी मिसळ मागवली. आप्पांनी निम्मी ठेवली.

फेब्रुवारीत त्यांना ताप आला, सर्दी झाली, आणि सर्दी गेली तरी कानांतला आवाज गेला नाही. सारखं रातकिडे ओरडतात म्हणायचे. त्याच सुमाराला हरिपूरच्या भजनी मंडळाचे बाळोबा पेटी परत घेऊन आले. चाळीस वर्षांत आप्पांकडून गेलेली पेटी कधी परत आली नव्हती.

“आप्पा, राग मानू नका,” बाळोबा म्हणाले, “पण वरचा सा भांडायलाय. दोन बायका नळावर भांडल्यागत.”

आप्पांनी वरचा सा वाजवला. पुन्हा वाजवला. मला ऐकू येत होतं ते भांडण, स्वच्छ. आप्पांना येत नव्हतं. त्यांनी बाळोबांकडे बघितलं नाही, माझ्याकडे बघितलं.

संध्याकाळी जेवताना ते म्हणाले, “अलके, ते तिकडनं आता पोस्टानं येईल का गं?”

“आता? आप्पा, तीन महिने तर राहिलेत.”

“किती घेतील?”

“तेच की, साडेसहा. शिवाय स्वप्ना ओली बाळंतीण. बर्फातनं तिनं पोस्टात हेलपाटे घालायचे का?”

“न्हाई, तसं नको,” ते म्हणाले. “ऱ्हाऊ दे मग.”

एवढ्या लवकर ऐकलं म्हणून मला बरंच वाटलं. मी त्यांना आमटी वाढली आणि टीव्हीचा आवाज मोठा केला, कारण हल्ली ते अगदी जवळ बसून बघायचे.

एप्रिलमध्ये त्यांना कुकरची शिट्टी ऐकू येईना. डाव्या कानाशी तोंड नेऊन मोठ्याने बोललं तर बोलणं कळायचं, तेवढंच. मशीन आणलं, ते त्यांनी चार दिवस लावलं आणि कपाटात ठेवलं. “सगळं पत्र्यावर पाऊस पडल्यागत वाजतंय,” म्हणाले. दुरुस्तीला येणाऱ्या पेट्या ते परत पाठवू लागले. कामाच्या खोलीत नुसते बसायचे, आणि गल्लीत रिक्षा थांबली की उठून बघायचे. रिक्षा थांबल्याचं त्यांना कसं कळायचं कोण जाणे.

बारा मेला शेटेकाकू आल्या. दुसऱ्याच दिवशी सकाळी, जेट लॅगने डोळे सुजलेले असताना, पदराखाली स्टीलचा डबा घेऊन त्या आमच्या दारात उभ्या राहिल्या.

“बॅगेत घातला न्हाई बरं का!” त्या आप्पांच्या कानाशी ओरडल्या. “मांडीवर घेऊन आले. एअरपोर्टवर उघडायला लावला, तरी हातचा सोडला न्हाई.”

आप्पांनी डबा घेऊन माझ्यापुढे ठेवला. मी झाकण काढलं.

आत अठ्ठ्याहत्तर सूर सोन्यासारखे झळकत होते.

मी एक उचलून बघितला. “काकू, हे… हे काळे होते ना?”

“काळेकुट्ट! मी म्हटलं, एवढ्या लांबनं न्यायचं, तर असलं मळकं पितळ कुणाच्या घरी द्यायचं होय? तिकडे चिंच मिळते गं, आपल्या दुकानात. चिंच-मीठ लावून दोन दिवस भिजवलं. मग एकेक घेऊन घासणीनं घासला. मधली ती पात लवलवत होती, तिला दाबून धरून आतनं-बाहेरनं सगळं काढलं. स्वप्ना म्हणायची, आई, एवढा देव्हाऱ्यातला तांब्या घासत न्हाईस!”

“आणि कागद?”

“कसले? ते पिवळे? टाकून दिले की. किडके कागद, उगं वजन.”

मी तोंड उघडलं. काय बोलणार होते ते मला आजही आठवतं आणि ते लिहिण्यासारखं नाही. पण आप्पांनी माझं मनगट धरलं. त्यांना आमचं बोलणं ऐकू गेलं नव्हतं, डब्यात मात्र त्यांनी बघितलं होतं. जिभा वाकल्या होत्या, काही आत दबल्या होत्या, काही वर उचलल्या होत्या. लावलेल्या सुरावर नुसती कानस चुकून फिरली तरी तो बदलतो, इथे तर घासणीने युद्ध झालं होतं.

“काय लख्ख केलंत हो वहिनी,” आप्पा म्हणाले. “दिवाळी आणलीत घरात.”

काकू इतक्या खूश झाल्या की त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. चहा पिऊन, नातवाचे फोटो दाखवून त्या गेल्या, आणि मी सुटले.

“वाटोळं केलं! कागदसुद्धा टाकले! कुठला सूर कुठला, देवाला माहीत!”

“ओरडू नको.”

“ओरडल्याशिवाय ऐकू येतं का तुम्हाला?”

हे बोलले आणि जीभ चावली. आप्पा मात्र डब्यातला एकेक सूर काढून उजेडाला धरत होते.

“त्या बाईनं मांडीवर घेऊन आणलंय. तिला आयुष्यात कधी कळू द्यायचं न्हाई,” ते म्हणाले. “पितळ मेलेलं न्हाई. जिभा सरळ करता येतात. सूर लावता येतात.”

“कोण लावणार?”

त्यांनी हातातला सूर माझ्या तळहातावर ठेवला.

“तू. आणखी कोण हाय?”

मला येत नव्हतं. लहानपणी मी त्यांच्याजवळ बसून भाता हलवलेला, तेवढंच. पण त्या दिवसापासून दुकान सहाला बंद करून मी घरी यायचे आणि दिवेलागणीपर्यंत आम्ही बसायचो. आधी लांबीने सूर रांगेत लावले. मग एकेक ओठांशी धरून मी फुंकायचे आणि आप्पांच्या जुन्या दुरुस्तीच्या पेटीवर तो कुठल्या पट्टीशी जुळतो ते शोधायचे. चिंचेची आंबट चव आठवडाभर गेली नाही.

पेटीत एका पट्टीखाली दोन सूर असतात. दोन्ही अगदी एक झाले नाहीत तर आवाज डुलतो, त्याला आप्पा लहर म्हणायचे. जिभेच्या टोकाला कानस मारली की सूर चढतो, बुडाला मारली की उतरतो. आप्पा तळहात लाकडावर ठेवून बसायचे. खालच्या सप्तकातली लहर त्यांच्या हाताला कळायची.

“डुलतंय.”

“नाही आप्पा, लागलं.”

“डुलतंय म्हणतोय न्हवं! काढ.”

मी काढायचे, आणि खरंच डुलत असायचं. पण वरच्या सप्तकात त्यांच्या हाताला काही लागत नव्हतं. तिथे मी एकटी होते. दोन जिभा मी तोडल्या. दुसरी तुटली तेव्हा त्यांनी माझ्या हातातनं कानस काढून घेतली आणि दोन दिवस अबोला धरला. तिसऱ्या दिवशी कुठल्या तरी मोडक्या पेटीतले दोन सूर काढून माझ्यापुढे ठेवले आणि म्हणाले, “हे तुझ्या नावाचे. ह्यांना कानस जपून मार.”

गौरी-गणपतीच्या आधीच्या रविवारी, दुपारी चारच्या सुमाराला, शेवटचा सूर बसला. आप्पांनी धुतलेला सदरा घातला. पेटीसमोर बसले, डावा हात लाकडावर ठेवला आणि मला भाता मारायला सांगितलं. मग उजव्या हाताने वाजवू लागले. बोटांना सगळं पाठ होतं. कान नसलेला माणूस वाजवतोय असं कुणाला सांगूनही खरं वाटलं नसतं. त्या लाकडाच्या खोक्यातनं असा आवाज येईल असं मला कधी वाटलं नव्हतं. मी त्याच्यावर अकरा वर्षं रद्दी ठेवत आले होते.

ते थांबले. “लागली?”

मी मान हलवली.

“वरचा धैवत?”

“लागला.”

“मग झालं,” ते म्हणाले.

एवढे दिवस जे बोलले नव्हते ते मला तेव्हा बोलायचंच होतं. असली गोष्ट माणूस हळू आवाजात सांगतो. मला ती त्यांच्या कानाशी ओरडून सांगावी लागली. समोरच्या घरातनं कुणीतरी डोकावलंसुद्धा.

“आप्पा, डिसेंबरातच पोस्टानं मागवले असते तर तुम्ही लावले असते! तुमच्या कानांनी!”

त्यांचं उत्तर मी मनात तयार करून ठेवलं होतं. असू दे गं. झालं ते झालं. काकूंना त्यांनी इतक्या सहज माफ केलं होतं, मी तर त्यांची मुलगी.

आप्पांनी माझ्याकडे बघितलं.

“होय,” ते म्हणाले. “लावले असते. मला ऐकायचे होते गं.”

राग नव्हता त्यांच्या आवाजात. खोटं बोलून समजूत घालायची ती काकूंसारख्या शेजारणीची, मला त्यांनी खरं ते सांगितलं. मी रडायला लागले. साडेसहा हजार रुपये माझ्या कपाटात तेव्हाही तसेच होते. ते वाचवून मी काहीही घेतलं नव्हतं. आप्पांनी मला गप्प केलं नाही. पेटीच्या कडेला टेकून बसून राहिले.

“रडून झालं?” थोड्या वेळाने म्हणाले.

मी नाक पुसलं.

“मग सांग.”

“काय?”

“कसे वाजतायत ते. तू ऐकतीयस न्हवं? सांग मला.”

त्यांनी खालचा सा दाबला. मी भाता मारला.

“गोड आहे,” मी त्यांच्या कानाशी म्हणाले.

“गोड बासुंदी असती. हा कसा आहे ते सांग.”

मी आयुष्यभर दुसऱ्यांची प्रतिज्ञापत्रं टाइप केलेली. मला असलं कधी कुणी विचारलं नव्हतं. मी पुन्हा ऐकलं.

“भरलेला आहे. नव्या पेटीसारखा टोचत नाही.”

“हं. पुढचा.”

“हा जरा घोगरा. सर्दी झालेल्या मास्तरसारखा.”

आप्पा हसले. “असणार. तो वाकला होता सगळ्यांत जास्त. पुढचा.”

असं करत आम्ही वर चढत गेलो. मधल्या सप्तकाच्या गंधारावर त्यांनी बोट ठेवलं आणि मी काही बोललेच नाही.

“काय झालं? लागला न्हाई?”

“लागलाय.”

“मग?”

मी त्यांच्या कानाशी गेले. ह्या वेळी ओरडता येईना, तरी ओरडले.

“आई दुपारी परसातनं हाक मारायची ना, रागावलेली नसली म्हणजे. ‘अहो, चहा ठेवलाय’ म्हणून. तसा आहे.”

आई जाऊन तेव्हा नऊ वर्षं झाली होती. आप्पांनी बोट उचललं नाही. डावा हात लाकडावर तसाच पसरलेला होता. भात्यातली हवा संपत आली, हाताखालची थरथर विरू लागली तसं त्यांनी घाबरून माझ्याकडे बघितलं, आणि मी भाता मारत राहिले.